रंगीत तालीम, कुळे ते वास्को

युरोपात म्हणे गाडी दोन मिनिटं थांबते,
हमाल नसतो,
आपली बॅग आपणच उचलायची.
एवढं ऐकलं आणि सावर्ड्याच्या वाचनालयातले आम्ही अकरा जण
एका रविवारी कुळ्याच्या फलाटावर उभे राहिलो,
बॅगांत वजनाला उकडे तांदूळ भरून.

उल्हासबाब शिट्टी घेऊन आले होते.
शाळेतून ते निवृत्त झाले, शिट्टी झाली नाही.
स्टेशनांची नावंही त्यांनीच ठरवली:
काले म्हणजे व्हिएन्ना,
सावर्डे म्युनिक (आपापल्या घरी कोणी पळायचं नाही),
चांदर साल्झबर्ग, मडगाव झुरिक.
वास्कोला लिस्बन म्हणा, असं इनासियो म्हणाला,
त्याची मावशी असते तिथे.
त्यावरून जो वाद झाला
तो कवितेत नको.

घड्याळ आणि वही माझ्याकडे.
व्हिएन्ना: चार मिनिटं दहा सेकंद,
म्हणजे गार्डाने दया केली म्हणून.
दार अडवून शशिकला विचारत होती,
आधी मी चढू की बॅग?
गाडी सुटल्यावर आम्ही केळ्याचे बन खाल्ले
आणि व्हिएन्ना कशी वाटली
यावर प्रत्येकजण दोन शब्द बोलला.

म्युनिकला शशिकलाची जाऊ डबा घेऊन उभीच होती,
खिडकीतून पातळभाजी आत आली.
दाजीच्या बॅगेची चेन तिथेच उसवली,
फलाटभर तांदूळ,
आणि कुठून कुठून धावत आलेल्या
म्युनिकच्या कोंबड्या.
इनासियोने सॉसेज म्हणून चोरीस-पाव काढले.
दोघांनी तोंड फिरवलं.
मग त्यातल्या एकाने परत फिरवलं.

साल्झबर्गला प्रेमावतीबाय उतरली
ती चढलीच नाही.
शिट्टी वाजली, दहा जण आत, दहा बॅगा,
मी वहीत लिहिलं: दोन मिनिटं पंधरा,
शाबास,
आणि मान वर केली तेव्हा ती
फलाटाच्या टोकाशी आमच्याकडे पाठ करून
शेताकडे बघत होती.

माजोर्ड्यापर्यंत फोन लागेना.
उल्हासबाब शिट्टी तोंडात धरून बसले, न वाजवता.
परदेशात असं झालं तर,
एवढंच म्हणायचे आणि थांबायचे.
अखेर लागला.
ती म्हणाली, घाबरू नका रे,
हांव हांगा बरी आसां.
सत्तर वर्षं या स्टेशनावरून जाते,
उतरायचं कधी कामच पडलं नाही.
इथे मागे तळं आहे, ठाऊक होतं का कोणाला?
कोणालाच नव्हतं.
तुम्ही पुढे व्हा, झुरिक बघा.
झुरिक तर केव्हाच मागे पडलं होतं,
रोस ऑम्लेटच्या गाड्याशी रांग लावण्यात
आम्ही ते धड पाहिलंही नव्हतं.

वास्कोला समुद्र होता.
लिस्बन म्हणायचं कोणाला सुचलं नाही.

संध्याकाळच्या गाडीत चांदरला ती चढली,
सर्वांत चपळ,
एका हातात खाज्यांची पुडी,
दुसरा हात मोकळा.
बॅग?
फलाटावरच्या चणेवालीला दिली.
आणि तांदूळ?
तांदळासकट दिली गे, तिच्या घरी खाणारी तोंडं सात.
मग सावर्डे येईपर्यंत
त्या चणेवालीच्या सातही जणांची नावं
आम्ही ऐकली.
एकाचं नाव दाजीने दोनदा विचारलं.

पुढच्या महिन्यात खरंच निघायचं आहे.
व्हिसे आले, लोकरी मोजे आले,
पापडांचं काय करायचं ते अजून ठरत नाही.
काल वाचनालयात उल्हासबाबनी सगळ्यांचं सामान
रेशनच्या दुकानातल्या काट्यावर तोललं.
माझं अठरा किलो, शशिकलाचं बावीस,
प्रेमावतीबायचं चार.
एवढं हलकं कसं, त्यांनी विचारलं.
ती काट्याचा काटा स्थिर होईस्तोवर थांबली.
म्हणाली,
मध्येच उतरावंसं वाटलं तर.